शेजारी वाटी द्यायची, तर टपालानं कशाला?

या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच अडचणीची आहेत, म्हणून हे पान मी तिलाच दिलं आहे. चिपळूणला मी दर शनिवारी ज्येष्ठांसाठी मोबाइलचा वर्ग घेते, तिथेही हेच दिसतं. एका बाकावर दोघी मैत्रिणी बसलेल्या असतात. एकीनं नातीचा फोटो दाखवला आणि दुसरीनं ‘मला दे गं’ म्हटलं, की तो व्हॉट्सॲपवर जातो. म्हणजे आधी टॉवरवर, तिथून कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर, आणि तिथून परत त्याच बाकावर. शेजारच्या घरी आमटीची वाटी द्यायची तर आपण ती टपालात टाकत नाही, कुंपणावरून हात लांब करतो. फोनलाही असा हात असतो. तो वापरायचा कसा, एवढंच आज सांगते.

प्रश्न : पुतणीचं लग्न नुकतंच झालं. फोटोग्राफर होताच, पण भाच्यानं आपल्या मोबाइलवर सहाशेच्या वर फोटो काढले आणि हळदीचे, रुखवताजवळचे सगळ्यांत जिवंत फोटो त्याचेच आहेत. त्यानं ते व्हॉट्सॲपवर पाठवले. मोबाइलवर छान दिसतात, पण अल्बमवाला म्हणतो, ‘मोठे केले की फुटतील.’ भाचा पुढच्या आठवड्यात येतोय. मूळ फोटो त्याच्याकडून कसे घ्यावेत? दोघांचे फोन अँड्रॉइडच आहेत.
– निवृत्त शिक्षिका, कराड

उत्तर : बाई, अल्बमवाला बरोबर बोलतोय. भाच्याच्या फोननं काढलेला 12 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4000 ठिपके रुंद आणि 3000 ठिपके उंच असतो. व्हॉट्सॲपनं नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की तो साधारण 1600 ठिपके रुंद उरतो. फोनच्या चिमुकल्या पडद्याला तेवढे पुरतात. पण अल्बमचं पान 18 इंच रुंद असेल, तर दर इंचाला 90 सुद्धा ठिपके वाट्याला येत नाहीत. मूळ फोटोत ते 220 च्या वर येतात. छपाईत नथीचे मोती सुटे दिसणार की त्यांचा एक पांढरा डाग होणार, हे इथेच ठरतं.

म्हणून भाचा आला की क्विक शेअर वापरा, म्हणजे जवळच्या फोनला थेट फाइल देणारा तो हात. अलीकडच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ते आधीपासून असतं, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. गूगलनं हे 2020 मध्ये निअरबाय शेअर या नावानं आणलं. सॅमसंगचं स्वतःचं क्विक शेअर वेगळं होतं. जानेवारी 2024 मध्ये दोन्ही एक झाली आणि सॅमसंगचं नाव राहिलं. त्यामुळे भाच्याच्या फोनमध्ये जुनं नाव दिसलं तर गोंधळू नका.

दोन्ही फोनचं ब्लूटूथ आणि वायफाय चालू करा. वायफाय कशाला जोडलेलं नसलं तरी चालेल, नुसतं चालू हवं. तुमच्या फोनचा पडदा वरून खाली ओढलात की छोटी चौकोनी बटणं दिसतात, त्यात क्विक शेअर शोधा. मला कोण पाठवू शकतं, या ठिकाणी ‘सगळे’ निवडा. भाच्यानं गॅलरीत फोटो निवडायचे, शेअरची खूण दाबायची, क्विक शेअर म्हणायचं, आणि तुमच्या फोनचं नाव दिसलं की त्यावर बोट टेकायचं. दोन्ही पडद्यांवर चार आकडे आले तर ते जुळतात का पाहा, मगच स्वीकारा. लग्नघरात एकाच कंपनीचे चार फोन एका खोलीत असतात आणि फोटो भलत्याच काकांकडे जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सहाशे फोटो एकदम निवडू नका, शंभर-शंभरचे गठ्ठे करा. मध्येच फोन आला आणि काम तुटलं, तर कुठवर आलो होतो हे शोधत बसावं लागत नाही. फोटो तुमच्या गॅलरीत लगेच दिसले नाहीत तर डाउनलोड्सच्या फोल्डरात बघा, आत क्विक शेअर नावाचा पोटफोल्डर झालेला असतो.

आता हिशेब सांगते, कारण तो कळला की पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागत नाही. एक फोटो 4 एमबीचा धरला तर 640 फोटोंचे झाले अडीच जीबी. नुसत्या ब्लूटूथनं सेकंदाला जेमतेम 2 मेगाबिट जातात, म्हणजे या कामाला पावणेतीन तास लागतील. क्विक शेअर ब्लूटूथचा उपयोग फक्त शेजारी कोण आहे हे हुडकण्यासाठी करतं. ओळख पटली की दोन फोन आपसांत थेट वायफायची वाट उघडतात आणि ओझं तिच्यावरून जातं. आमच्या वर्गातल्या मध्यम किमतीच्या दोन फोनांवर सेकंदाला 20 एमबीच्या आसपास वेग मिळाला. त्या वेगानं तुमचे अडीच जीबी दोन-सव्वादोन मिनिटांत येतील. तुमचा फोन जुना असेल तर दहा मिनिटं धरा. चहा होईस्तोवर काम उरकतं, आणि नेटचा डेटा एक एमबीही जात नाही.

भाच्याचं येणं रद्द झालंच, तर त्याला व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मग ते न दाबता, जसेच्या तसे येतात. मात्र मूळ फोटोसोबत तो कुठे काढला ते ठिकाणही आत लपून येऊ शकतं. घरच्यांत त्याचं काही नाही. अनोळखी माणसाला घराजवळचा फोटो असा पाठवू नये.

प्रश्न : मी वसतिगृहात राहतो. माझा अँड्रॉइड, रूममेटचा आयफोन. प्रोजेक्टचा 3 जीबीचा व्हिडिओ त्याच्याकडे आहे. एअरड्रॉपमध्ये माझा फोन दिसत नाही. वसतिगृहाच्या वायफायवर एक ॲप वापरून पाहिलं, तिथेही दोघं एकमेकांना दिसत नाही.
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : एअरड्रॉप ही जवळच्या फोनला फाइल देण्याची ॲपलची सोय 2011 पासून आहे, पण ती ॲपलच्या घरातल्या घरात. नोव्हेंबर 2025 मध्ये गूगलनं क्विक शेअरमधून एअरड्रॉपला पाठवण्या-घेण्याची सोय आणली, तीही आधी त्यांच्याच पिक्सेल 10 च्या फोनांवर. तुझा फोन तसा असेल तर रूममेटला एअरड्रॉपमध्ये ‘दहा मिनिटांसाठी सगळे’ निवडायला सांग आणि करून पाहा. नसेल तर लोकलसेंड हे ॲप घे, ते एकाच वायफायवरच्या दोन फोनांत फाइल देतं. ते फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना पाहायला खुला आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. आणि अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. मी स्वतः गेली काही वर्षं तेच वापरते. प्रत्येक फोनला ते एखाद्या फळाचं गमतीदार नाव देतं. ते सेटिंगमधून बदल, म्हणजे कुणाचा फोन कोणता ते कळेल.

वसतिगृहाच्या वायफायवर तुम्ही एकमेकांना दिसत नाही, त्यात बहुधा तुमच्या फोनांचा दोष नाही. वसतिगृहं, हॉटेलं, ऑफिसातलं पाहुण्यांचं वायफाय अशा ठिकाणी राउटरवर मुद्दामच अशी सोय करतात की प्रत्येक फोनला फक्त बाहेरचं इंटरनेट मिळावं, शेजारचा फोन दिसू नये. सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. तिथे झगडू नकोस, स्वतःचं जाळं कर. तुझ्या अँड्रॉइडचा हॉटस्पॉट चालू कर आणि आयफोन त्याला जोड. हॉटस्पॉट तुझ्याच फोनचा ठेव, कारण बहुतेक अँड्रॉइडवर मोबाइल डेटा बंद ठेवूनही हॉटस्पॉट चालतो. डेटा बंद ठेवायला विसरू नकोस. व्हिडिओला तो लागत नाही, पण वायफाय मिळालं असं समजून रूममेटचा फोन पाठीमागे आपले फोटो क्लाउडवर चढवायला लागेल आणि तुझा दिवसाचा डेटा संपेल.

एवढं करूनही आयफोन दिसला नाही, तर नव्वद टक्के वेळा कारण एकच असतं. लोकलसेंड पहिल्यांदा उघडलं तेव्हा आयफोननं ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी विचारली आणि रूममेटनं घाईत नको म्हटलं. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करायची. पाठवणं संपेपर्यंत दोघांनी ॲप समोर उघडं ठेवायचं, पडदा बंद होऊ द्यायचा नाही. फोटोही घेणार असशील तर ते हीक प्रकारचे येतील, आयफोन 2017 पासून तसेच साठवतो. तुझ्या लॅपटॉपवर ते उघडले नाहीत तर रूममेटला कॅमेऱ्याच्या फॉरमॅटमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडायला सांग. पुढचे फोटो जेपेग होतील, आधीचे मात्र तसेच राहतील.

लॅपटॉपचा विषय निघालाच आहे तर आणखी तीन वाचकांना इथेच उत्तर देते. विंडोज 10 किंवा 11 असेल तर गूगलचं क्विक शेअर लॅपटॉपवरही बसवता येतं. लोकलसेंडवर लॅपटॉप दिसत नसेल, तर विंडोजमध्ये आपल्या घरच्या वायफायवर ‘पब्लिक’ असं लिहिलंय का बघा. ते ‘प्रायव्हेट’ करा, लॅपटॉप दिसू लागेल.

प्रश्न : फाइल पाठवण्याचं ॲप लोकेशन मागतं. फाइल समोरच्या टेबलावर जायची, तर मी कुठे आहे हे त्याला कशाला हवं? मी नको म्हटलं, तर ते चालेनाच. दीर म्हणतात, जुनं शेअरइटच बरं, मित्राकडून फाइल आणून बसवू.
– गृहिणी, सावंतवाडी

उत्तर : ताई, तुम्हाला शंका आली हे फार चांगलं झालं. फोन आसपासचे ब्लूटूथ आणि वायफाय शोधतो तेव्हा कोणकोणते राउटर जवळ आहेत हे त्याला कळतं, आणि राउटरांच्या यादीवरून तुम्ही कोणत्या गल्लीत आहात हे ओळखता येतं. म्हणून अँड्रॉइड 6 पासून पुढची काही वर्षं असा नियम होता की आसपास शोधायचं असेल तर ॲपनं लोकेशनचीच परवानगी मागावी. म्हणजे मागणी उघड व्हावी, हा हेतू होता. पण लोक घाबरले तेही साहजिक. अँड्रॉइड 12 पासून ब्लूटूथसाठी आणि 13 पासून वायफायसाठी ‘जवळची डिव्हाइस’ अशी वेगळी परवानगी आली. फोन नवा असेल आणि तरीही फाइल पाठवणारं ॲप लोकेशनवर अडून बसत असेल, तर ते काढून टाका. फोन जुना असेल तर ‘ॲप वापरत असतानाच’ एवढीच परवानगी द्या.

दिरांना मात्र थांबवा. शेअरइट आणि झेंडर ही दोन्ही ॲपं केंद्र सरकारनं 29 जून 2020 रोजी बंदी घातलेल्या 59 ॲपांच्या यादीत होती. तेव्हापासून ती नावं लावून फिरणारी फाइल कुणी बनवली, तिच्यात काय घातलं, हे तपासणारं कुणी नाही. फोनमध्ये बँक आहे, मुलांचे फोटो आहेत. जे काम फोनमधली सोय आपोआप करते, त्यासाठी कुठून तरी आणलेली फाइल बसवू नये. याबाबतीत मी वर्गातही कुणाचं ऐकत नाही.

प्रश्न : आईकडे दहा वर्षांपूर्वीचा बटणांचा फोन आहे. आता तिला स्मार्टफोन घेतलाय. जुन्या फोनमध्ये दोनशे नंबर आहेत, ती ते हातानं उतरवू देत नाही. त्यात वडिलांचाही नंबर आहे, ते आता नाहीत. तो पुसला जाईल या भीतीनं ती जुना फोन हातातच देत नाही.
– मुलगा, जळगाव

उत्तर : आईंना आधी हे सांगा, की ब्लूटूथनं पाठवलेली वस्तू मूळ जागेवरून हलत नाही. प्रत जाते, मूळ तिथेच राहतं. हे त्यांना शब्दांनी पटणार नाही, म्हणून पहिला नंबर त्यांच्यासमोर पाठवा, आणि तो वडिलांचाच असू दे. मग जुना फोन त्यांच्या हातात देऊन, तो अजून तिथे आहे हे त्यांचं त्यांना पाहू द्या.

बटणांच्या फोनमध्ये ब्लूटूथ चालू करा आणि फोन ‘इतरांना दिसू दे’ असं ठेवा. स्मार्टफोनच्या ब्लूटूथमध्ये तो सापडला की जोडणी करा. संकेतांक मागितला तर 0000 किंवा 1234 टाकून पाहा. मग जुन्या फोनच्या नावांच्या यादीत पर्यायांमध्ये जाऊन एक किंवा सगळी नावं निवडा आणि बिझनेस कार्ड म्हणून ब्लूटूथनं पाठवा. काही फोन सगळ्यांची एकच फाइल करतात, काही एकेक पाठवतात. दुसरा प्रकार निघाला तर दोनशे वेळा ‘स्वीकारा’ म्हणावं लागेल. एका दुपारचं काम आहे, पण एकदाच करायचं आहे. आलेली फाइल व्हीसीएफ प्रकारची असते, ती उघडताना ‘कॉन्टॅक्ट्स’ निवडा. इथे वेगाची काळजी नको. एक नंबर म्हणजे दोन-चार ओळींचा मजकूर, तो डोळ्याचं पातं लवायच्या आत जातो.

नंबर सिमकार्डात टाकून नेण्याचा मार्ग कुणी सुचवेल. तो टाळा. सिममध्ये नावाला जागा फार थोडी, ‘मालूमावशी अमळनेर नवीन’मधलं निम्मं कापलं जातं, आणि आईंच्या यादीतल्या तीन मालूमावश्या एकसारख्या होतात. काम झालं तरी जुना फोन त्यांच्याजवळच राहू द्या, चार्ज करून.

प्रश्न : ब्लूटूथ म्हणजे निळा दात. असं नाव का?
– इयत्ता आठवी, नांदेड

उत्तर : दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हाराल्ड नावाचा राजा होता, त्याचं टोपणनाव ब्लूटूथ. विखुरलेल्या टोळ्यांना त्यानं एकत्र आणलं, अशी त्याची ख्याती. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून नवं तंत्र तयार होत होतं, तेव्हा 1997 मध्ये इंटेलच्या जिम कार्डाक या अभियंत्यानं त्याला या राजाचं नाव सुचवलं. ते तात्पुरतं असणार होतं, पण राहिलं. फोनवरची खूण नीट बघ. जुन्या नॉर्डिक लिपीतली राजाच्या नावाची दोन आद्याक्षरं एकमेकांवर ठेवून ती केली आहे.

प्रश्न : झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्ड व्हॉट्सॲपवर मागतात. ब्लूटूथनं दिलं तर सुरक्षित का?
– रिक्षाचालक, सोलापूर

उत्तर : दादा, वाट कुठलीही असो, फाइल शेवटी दुकानाच्या कॉम्प्युटरवर उतरते आणि तिथे राहते. व्हॉट्सॲपवरून तुम्ही दोन दिवसांच्या आत सगळ्यांसाठी पुसू शकता, पण त्यांनी ती आधीच उतरवून घेतली असेल तर पुसलं जातं फक्त तुमच्या समाधानासाठी. म्हणून दोन गोष्टी करा. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून ‘मास्क्ड’ आधार उतरवून ठेवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. जिथे तेवढं चालतं तिथे तेच द्या. आणि छापून झालं की दुकानदाराला तुमच्यासमोर फाइल पुसायला सांगा, रिसायकल बिनमधूनही. त्यात संकोच बाळगू नका. ई-आधारला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल असाच असतो, तुम्हाला ओळखणाऱ्याला तो सहज सुचेल.

प्रश्न : आमच्या बचत गटाला काजू-प्रक्रियेच्या प्रशिक्षणाचे सहा व्हिडिओ मिळाले आहेत, मिळून 180 एमबी. वाडीत नेटवर्क नाही, वर सड्यावर गेलं की येतं. बारा जणींना हे कसे द्यावेत? काहींचे फोन फार जुने आहेत.
– गटाच्या सचिव, संगमेश्वर तालुका

उत्तर : ताई, हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण नेट नसताना फोनचा हा हात किती लांब पोचतो ते मी स्वतः अनुभवलं आहे. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर घराघरांत चिखल होता, वीज नव्हती आणि फोनला रेंज नव्हती. आमच्या शेजारच्या काकांचं किराणा दुकान छतापर्यंत बुडालं होतं. त्यांचा फोन पाण्यात गेला. भिंतीवरची पाण्याची रेघ, फुगलेली पोती, उलटलेला फ्रीज यांचे फोटो मी माझ्या फोननं काढले, कारण साफसफाई सुरू झाली की पुरावाच राहणार नव्हता. पंचनाम्याला माणसं कधी येतील ठाऊक नव्हतं, आणि माझ्या फोनचं चार्जिंग 19 टक्क्यांवर आलं होतं. काकांच्या मुलीचा साधा जुना फोन तेवढा चालू होता. जिन्याच्या पायरीवर बसून आम्ही ब्लूटूथनं 37 फोटो तिच्या फोनवर पाठवले. दहा मिनिटं लागली असतील. पुढे माझा फोन दोन दिवस बंद होता. पंचनामा झाला तेव्हा फोटो तिनं दाखवले.

तेव्हा तुमच्याकडे रेंज नाही याची चिंता करू नका. सभेच्या दिवशी साखळी करा. ज्यांच्याकडे व्हिडिओ आहेत त्यांनी एकीला द्यायचे. मग दोघींनी दोघींना, चौघींनी चौघींना, आठ जणींनी उरलेल्यांना. चार फेऱ्यांत सोळा फोन होतात, तुम्ही तर बाराच. क्विक शेअर असलेल्या फोनांना पहिल्या फेऱ्यांत घ्या, त्यांचं एका मिनिटाच्या आत होतं. ज्यांच्याकडे नुसतं ब्लूटूथ आहे त्यांना बारा-पंधरा मिनिटं लागतात, त्यांचं शेवटच्या फेरीत लावून द्या आणि सभा सुरू करा. ब्लूटूथवर असलेले दोन फोन एकमेकांजवळ ठेवा, मध्ये माणूस बसवू नका. आपल्या शरीरातलं पाणी त्या लहरी शोषून घेतं आणि वेग पडतो.

सगळ्यांत जास्त वेळ जातो तो जागा नसलेल्या फोनांपायी. सभेच्या आदल्या दिवशी प्रत्येकीला निरोप द्या, की सुप्रभातचे जमलेले फोटो आणि व्हिडिओ पुसून 300 एमबी तरी मोकळी करून या. कुणाचा फोन सहाही व्हिडिओ घेऊ शकला नाही, तर काजूगर भाजण्याचा व्हिडिओ आधी द्या. बाकीचे पुढच्या सभेत. किती वेळ लागला आणि कोणत्या फोननं त्रास दिला, ते मला नक्की लिहून कळवा.